कच्च्या सुताचं टोक

वळ डाव्या पायावर होता. घोट्याच्या जरा वर, केसाएवढा बारीक, लालसर, आणि पायाभोवती पुरता फिरलेला. लंगोट बदलता बदलता तिचा हात थांबला. तिने बाळाचा पाय खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने वळ हलकेच दाबून पाहिला. तो पांढरा पडला आणि पुन्हा लाल झाला. साडेतीन महिन्यांच्या मुलीचं यावर काहीच म्हणणं नव्हतं. ती स्वतःची अख्खी मूठ तोंडात कोंबण्याच्या खटपटीत होती.

"आई, हिच्या पायाला काय झालंय?"

सासू भिंतीला टेकून, मान खाली घालून बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी पुरी झाली, दुसरी सुरू झाली. तिने पुन्हा हाक मारली. दुसरीही पुरी झाली. शेवटी ती बाळाला घेऊन सासूच्या समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे सासूने मान वर केली आणि नेहमीसारखी तिच्या डोळ्यांत न बघता जरा खाली, तोंडाकडे बघत राहिली.

"हा वळ कसला?"

"मोजा घट्ट झाला असेल," सासू म्हणाली. खोली एवढीशी, आणि आवाज मैदानात हाक मारल्यासारखा.

मोजा! आठवडाभर नुसता उकाडा होता. मोजे कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होते, आणि ते तिथे तिने स्वतःच्या हाताने ठेवले होते. तिने बाळाचा लंगोट नीट बांधला. पण तिच्या मनात त्या वळाने तेव्हाच घर केलं.

ती पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गावभरच्या नळांचे नमुने बाटल्यांतून यायचे आणि तिच्या हाताखालून जायचे. पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून तिथे कुणी ते स्वच्छ मानत नसे. बाळंतपणाच्या रजेवर येताना ती आपला पांढरा कोट तिथल्या खुंटीवर ठेवून आली, नजर मात्र बरोबर घेऊन आली. बाळाने कधी दूध घेतलं, किती वेळ घेतलं, कधी झोपलं, कधी ओकलं, हे सगळं ती एका वहीत लिहायची. नवरा म्हणायचा, "एवढं तर मी परीक्षेचे पेपरही तपासत नाही." तो शाळामास्तर होता आणि ते खरंही होतं.

रजा संपायला चौदा दिवस उरले होते. पाळणाघरवाले सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नव्हते. म्हणून सासूला बोलावलं होतं.

सासूने एकोणतीस वर्षं सूतगिरणीत साच्यावर, सूत कातायच्या यंत्रावर काढली होती. गिरणी बंद पडली, पुढे सासरेही गेले, तरी ती गिरणीच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीत एकटीच राहायची. आता आली ती एक बॅग आणि एक कापडी गाठोडं घेऊन. बॅग पहिल्याच दिवशी रिकामी झाली. गाठोडं मात्र उशाखाली गेलं ते तिथेच राहिलं. इमारतीत दोन दिवसांत तिला 'गिरणीवाली आजी' असं नाव पडलं. तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, "तुमच्या आजी जिन्यात बोलल्या तरी मला माझ्या मशीनवर कळतं काय चाललंय ते."

वळ दिसला नसता तर बाकीच्या गोष्टी तिने सोडून दिल्या असत्या. आता त्या एकेक करून वर यायला लागल्या. सासू फोन वाजला तरी उचलत नाही. बसते ती कायम भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, जणू कुणी मागून येऊन धरणार आहे. सगळे हसून झाले की मग हसते. आणि विचारावं एक तर सांगते दुसरंच. परवा तिने विचारलं होतं, दूध कोमट होतं ना? त्यावर सासूने, हो हो, झोपली की, असं उत्तर दिलं होतं. तिने तेव्हा ते वहीतही लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. वहीचं मागचं पान उघडलं आणि वर नुसती तारीख घातली. 'डाव्या पायावर वळ. मोजा म्हणतात. मोजा नव्हता.'

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिला कामावर रुजू होण्याचं पत्र द्यायला प्रयोगशाळेत जावं लागलं. जाऊन-येऊन दोन तास. परत येताना शिंपीणबाईने तिला दारातच गाठलं. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिची सवय होती. त्या दिवशी तिने टाचण्या काढून हातात घेतल्या.

"सांगू की नको, असं झालंय बघा. पण आज बाळ फार रडलं. पाऊण तास तरी. मी म्हटलं आजी अंघोळीला गेल्या असतील. मग वर जाऊन दार वाजवलं. कुणी उघडलंच नाही."

ती जिना कसा चढली तिचं तिला कळलं नाही. दार किल्लीने उघडलं. बाळ झोपलं होतं, पण रडून रडून थकल्यावर मुलं झोपतात तसं, मधूनच हुंदका देत. गालावर डोळ्यांपासून कानापर्यंत सुकलेल्या पाण्याच्या रेघा होत्या. सासू पाळण्याशेजारी बसली होती, एक हात पाळण्याच्या कडेवर ठेवून.

"रडली का ती?" तिने समोर जाऊन विचारलं.

सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाळाच्या गालाकडे पाहिलं. "रडली थोडी," ती म्हणाली. "मी गॅलरीत कपडे काढत होते."

थोडी. म्हणजे खोटंसुद्धा बोलते. तिने बाळाचा पाय पाहिला. वळ फिका होत चालला होता, नवा नव्हता. त्या रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. वळ, पाऊण तास, न उघडलेलं दार. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, आईला जरा वेळ दे, नवीन जागा आहे, आणि तिच्याशी बोलताना समोरून बोलत जा. तिने विचारलं, समोरून म्हणजे? तर म्हणाला, म्हणजे आपलं, आदराने. आदराचा विषय कुठून आला?

बुधवारी तिने नमुना घ्यायचं ठरवलं.

हॉलमध्ये काचेच्या दारांचं एक कपाट होतं. त्यात कपबशा असायच्या. सासू त्या कपाटासमोर उभी राहून धुतलेले कप पुसून आत ठेवत होती, प्रत्येकाचा कान एकाच बाजूला येईल असे. ती बाळाला खांद्यावर घेऊन सासूच्या मागे तीन पावलांवर जाऊन उभी राहिली. बाळ जागं होतं आणि तिच्या गळ्यातली साखळी चघळत होतं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"आई, बाळ पडलं."

सासूने हातातला कप आत ठेवला. त्याचा कान वळवून सरळ केला. पुढचा कप घेतला आणि पुसायला लागली. खांदासुद्धा हलला नाही.

या बाईला एक तर ऐकू येत नाही, किंवा ऐकून घ्यायचं नाही. यातलं वाईट कोणतं ते तिला ठरवता येईना. ऐकू येत नसेल तर बिचारी. पण मग ते लपवून, तान्हं मूल सांभाळायला म्हणून कशी आली?

आणि तासाभरातच सगळं उलटं झालं. बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. त्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर, मध्ये एक छोटं दार. स्वयंपाकघरात नळ सोडलेला, पंखा घरघरत होता, आणि सासू खाली बसून मटार सोलत होती. ती स्वतः हॉलमध्ये होती, जिथून दोन्हीकडचं दिसायचं. सासूने अर्धी सोललेली शेंग परातीत टाकली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बाळाच्या खोलीत गेली. ती पाळण्याशी पोचली, आणि मग, त्यानंतर, बाळाने पहिला ऊं केला.

म्हणजे ऐकू येतं! नुसतं येत नाही, तिखट कान आहेत. आईला ऐकू यायच्या आधी आजीला ऐकू येतं. मग 'बाळ पडलं' कसं ऐकू आलं नाही? शिंपीणबाईने दार ठोठावलेलं कसं ऐकू आलं नाही? सोयीचं बहिरेपण, तिने वहीत लिहिलं, आणि त्या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. पाळण्याच्या गादीखाली तिला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा सापडला. तिच्याच शिवणाच्या डब्यातला होता तो, आणि त्याला एक बारीक गाठ होती, नखाने सुटेना अशी. तिने तो वहीच्या पानात ठेवला.

गुरुवारी दुपारी ती सासूसमोर जाऊन म्हणाली, औषधाच्या दुकानात जाऊन येते, अर्धा तास लागेल. सासूने मान डोलावली. तिने चपला घातल्या, दार उघडलं आणि आतच राहून ते मुद्दाम जोरात आपटलं, सासूला ऐकू जावं म्हणून. मग चपला हातात घेऊन ती आपल्याच घरात चोरासारखी भिंतीच्या कडेने आली आणि बाळाच्या खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

सासूने उशाखालचं गाठोडं काढलं. सोडलं. आत कागदाच्या शंकूवर गुंडाळलेलं सूत होतं, जरा पिवळं पडलेलं. तिने त्याचं टोक ओढलं, वीत-वीत करत सात-आठ हात सूत काढलं आणि दाताने तोडलं. मग पाळण्यावर वाकून बाळाच्या उजव्या पायाभोवती ते एकदा फिरवलं, आणि बोटांनी असं काही केलं की बघता बघता गाठ बसली. दुसरं टोक तिने स्वतःच्या तर्जनीला गुंडाळलं. बाळाच्या पायाशी बोट घालून सैल आहे ना पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली, सूत जमिनीवर सोडत, पतंगाला ढील द्यावी तशी.

ती दाराआडून आत घुसली. तिने बाळाला उचललं, तसं सूत ताणलं आणि तट्कन तुटलं. बाळ घाबरून रडायला लागलं. काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. जनावरासारखं बांधता माझ्या मुलीला, असं काहीतरी होतं. पायाला वळ उठला आणि मला मोजा सांगता. रक्त थांबलं असतं म्हणजे. तुम्ही माणूस आहात की कोण. तिचा आवाज चिरकला तरी ती बोलतच होती.

सासू दारात उभी होती. बोटाला सुताचं तुटकं टोक लोंबत होतं. ती तिच्या तोंडाकडे फार मन लावून बघत होती, कपाळाला आठ्या घालून, अवघड अक्षर वाचावं तसं.

"हळू बोल," सासू म्हणाली. "ओरडलीस की ओठ वाकडे होतात. मग मला कळत नाही."

ती गप्प झाली. बाळ रडतच होतं. त्या एवढ्या रडण्यात सासूची नजर मात्र तिच्या ओठांवरून हलली नव्हती, आणि आता, पहिल्यांदाच, ती नजर तिला वाचता आली.

"अजिबात?" तिने विचारलं. हळू विचारलं.

"साचे सुरू झाले की जमीन हलायची, ते पायाला कळतं. भांडं पडलं तर कळतं. माणसाचं काही नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली." सासूने बोटावरचं सूत चाचपलं. "गिरणीत निम्म्या बायका तशाच होत्या. कुणी कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की दुसऱ्या दिवशी साच्यावर दुसरी बाई."

मग एकेक गोष्ट तिने सांगितली, त्याच मैदानातल्या आवाजात, जसं काही चोरी कबूल करायची तर ती मोठ्यानेच करायला हवी. पहिले काही दिवस शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, तो काचला. सोमवारी वळ दिसला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने दोरा काढून टाकला. मंगळवारी म्हणूनच दोरा नव्हता. बाळ झोपलंय असं पाहून ती गॅलरीत कपडे काढायला, मग उरलेले वाळत घालायला गेली. परत आली तेव्हा गालावर रेघा दिसल्या. किती रडली, ते तिला माहीत नव्हतं. म्हणून थोडी म्हणाली. बुधवारी तिने गिरणीतलं सूत काढलं, शेवटच्या दिवशी साच्यावर राहिलेलं. ते एका पदराचं, कच्चं. पाय जरा जोरात ओढला की तुटतं, काचत नाही.

"तुटतं म्हणूनच घेतलं," सासू म्हणाली. "माझ्या बोटाला सगळं कळतं, पोरी. धागा तुटायच्या आधी थरथरतो. तुटल्यावर धावते ती नवशिकी. हीसुद्धा रडायच्या आधी पाय हलवते."

"उद्यापासून नाही," ती म्हणाली. "पायाला काही बांधायचं नाही. कधीच."

सासूने मान डोलावली. बोटाचं सूत सोडवून त्याची बारीक गुंडी केली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने त्याला बसूही दिलं नाही. तुला माहीत होतं, ती म्हणाली. आईशी तू कधी पाठ करून बोललेला मी पाहिला नाही, मला वाटायचं केवढा आदर. तो म्हणाला, आमच्या घरी तसंच बोलायचे, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी तसं बोलतात. कमी ऐकू येतं हे ठाऊक होतं. अजिबात येत नाही हे... त्याने वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" ती नाही म्हणाली. तो म्हणाला, मग. रविवारी आईला सोडून येतो, असं त्यानेच ठरवलं. तिने रजा वाढवून मागायची, पगार नसला तर नसला.

शुक्रवारी सासूने बॅग भरायला घेतली. रविवारची बॅग, शुक्रवारी. घातलेल्या घड्या उलगडून ती पुन्हा घालत होती. सून दारात उभी राहिली. आपण बरोबर आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं, तरी ती तिथून हलली नाही. सासूने वर पाहिलं.

"एक सांगू का," सासू म्हणाली. "त्या दिवशी कप ठेवत होते मी. तू मागे उभी होतीस."

ती दारातून एक पाऊल आत आली.

"कपाटाची काच स्वच्छ आहे. मीच पुसते ती. बाळ पडलं म्हणालीस, आणि बाळ तर तुझ्या खांद्यावर होतं." सासूने एक झबलं गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केलं. "आमचा जॉबर, साच्यावरचा मुकादम, असंच करायचा. मागे येऊन उभा राहायचा आणि काहीतरी वाईट बोलायचा. घर पेटलं, नवरा पडला, असलं. जी वळेल तिचे कान शाबूत. मी दिव्याच्या काचेत बघायची आणि वळायची. नऊ वर्षं वळले त्याच्यासाठी." तिने झबल्याची घडी घातली. "तुझ्यासाठी नाही वळले. म्हटलं, घरात तरी कशाला वळायचं."

तिला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले तर सासू ते वाचणार, म्हणून तिने ओठ हलवले नाहीत. सासूने तेही वाचलं असावं. ती पुन्हा बॅगेकडे वळली.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेतून साहेबांचा फोन आला. रजा वाढवून मिळणं कठीण आहे, माणसं कमी आहेत, असं ते म्हणत होते. ती बाळाच्या खोलीतच होती, पाळण्यापासून दोन हातांवर, खिडकीकडे तोंड करून. बाळ मागे शांत होतं. ती साहेबांना समजावत होती, आणि एक कान मागे होताच. आईचा कान असतोच मागे. काहीही आवाज नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारातून सासू आली. धावत नाही, पण तिच्या वयाच्या मानाने फार भरभर. तिला ओलांडून पाळण्याशी गेली, बाळाला कुशीवर वळवलं आणि तोंडाखाली फडकं धरलं. बाळाने दूध काढलं होतं. नाकातोंडाशी आलं होतं, आणि ते रडण्याच्या आधीच्या त्या अडकलेल्या, बिनआवाजाच्या क्षणात हातपाय झाडत होतं. पाठीवरून दोन हात फिरले, आणि मग त्याने असं काही भोकाड पसरलं की फोनवरचे साहेबही थांबले.

काही झालं नव्हतं. मुलं दूध काढतातच. वहीत तशा पंधरा नोंदी होत्या. पण ती दोन हातांवर होती, दोन्ही कान शाबूत होते, आणि तिला काही ऐकू आलं नव्हतं, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

तिने फोन बंद केला. बाळाच्या पायांकडे पाहिलं. पाय मोकळे होते. मग सासूच्या हाताकडे पाहिलं. तर्जनीला सूत होतं. तिथून ते खाली, पाळण्याच्या फळ्यांमधून आत, आणि बाळाच्या अंगाखाली अंथरलेल्या दुपट्याच्या कोपऱ्याला बांधलेलं.

"पायाला बांधू नको म्हणालीस," सासू म्हणाली. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा आवाज असतो तसा तो अजिबात नव्हता. "पायाला नाही बांधलं."

ती हसली. गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने तोंड फिरवलं. मग तिला आठवलं आणि ती पुन्हा समोर वळली.

"बॅग सोडा," ती म्हणाली. ओठ नीट हलवून, एकेक शब्द वेगळा काढून.

"हळू बोल म्हटलं, इतकं हळू नाही," सासू म्हणाली. "मी बहिरी आहे, बावळट नाही."

उरलेले आठ दिवस दोघींनी कामासारखं काम केलं. सुताची लांबी ठरली. दुपट्याच्या चारही कोपऱ्यांपैकी कुठल्या कोपऱ्याला हलकी ओढ जास्त नीट कळते ते पाहिलं. तिने सासूला वही दाखवली, मागचं पान आधी फाडून. दारावरच्या घंटेच्या जोडीला नवऱ्याने एक दिवा लावला. शिंपीणबाईने सांगितलं की काही लागलं तर मी काठीने माझं छत ठोकीन, आजींच्या पायाला कळेल. आणि तिने ते लगेच करूनही पाहिलं, तेव्हा सासू वर, पलंगावर बसल्या बसल्या, हसली. सगळ्यांबरोबर, वेळेवर.

एकदा बाळ मांडीवर रडत असताना सासूने विचारलं, "कशी रडते गं? बारीक की जाड?"

ती विचारात पडली. "बारीक. शेवटी जरा फाटतो आवाज."

"बापासारखी," सासू म्हणाली. त्याचं रडणं तिने ऐकलं होतं तेव्हा साचे नवे होते.

कामावर जायच्या दिवशी ती नऊला निघाली. सासूसमोर जाऊन 'येते' म्हणाली, बाळाच्या टाळूवर ओठ टेकले, जिना उतरली, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली. काही विसरलं नव्हतं. ओळखपत्र गळ्यात होतं, डबा पिशवीत होता. शिंपीणबाईने मशीन थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. तिने किल्लीने दार उघडलं. नजर एकदम बदलत नाही. बदलली असं म्हटलं तर ते खोटं झालं असतं.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सासू पाठमोरी बसली होती. दाराकडे पाठ करून, आल्यापासून पहिल्यांदाच. गुडघ्यावर झबलं, हातात सुई, डाव्या तर्जनीला सूत. सुई चालत होती, ते बोट मात्र स्थिर होतं, जरासं वर उचललेलं. हॉलमधल्या कपाटाच्या काचेत स्वतःची सावली हललेली तिला दिसली. सासू वळली तर तिथून तिला दिसेल, असं वाटून ती अर्धं पाऊल मागे सरली.

बोट थरथरलं. सासूने सुई झबल्यात टोचली, उठली, पाळण्यावर वाकली. मग बाळाने तोंड उघडलं. आवाज बारीक होता आणि शेवटी फाटला. सासूने त्याला उचललं नाही लगेच. आधी पसरलेला तळवा त्याच्या छातीवर ठेवला, पाची बोटं मोकळी करून, आणि मान एका बाजूला कलती केली. आवाज चढला तसा तिचा हातही किंचित वर-खाली झाला.

"ऐकतेय," ती म्हणाली, सगळ्या घरभर जाईल अशा आवाजात. "ऐकतेय गं मी."

ती मागच्या मागे बाहेर आली. दार ओढून घेतलं, आणि कुलपाची जीभ बसताना आवाज होऊ नये म्हणून किल्ली धरून हळूच फिरवली. तेवढं हळू लावायची तशी काहीच गरज नव्हती.